बोटीवरची जुनी यंत्रं: सगळी बदलावीत की अर्धी?

शिडाची_दोरी

नमस्कार मंडळी. पाककृती आणि पावसाळी भटकंतीच्या गर्दीत हा धागा जरा उपराच वाटेल, पण इंग्रजी मंचांवर विचारून दमले. तिथे पहिली तीन उत्तरं 'सगळं काढून टाका, नवीन बसवा' अशी येतात आणि चौथ्यापासून लोक एकमेकांची अक्कल काढतात. म्हटलं, भांडायचंच तर मराठीत भांडू.

आम्ही मेरीलंडमध्ये, चेसापीक उपसागराच्या काठी, अ‍ॅनापोलिसजवळ राहतो. गेल्या वर्षी १९८८ सालची ३० फुटी शिडाची बोट घेतली. शिडं बरी आहेत, इंजिन कुरकुरत का होईना, चालतं. यंत्रं मात्र आधीच्या मालकाने पंचवीसेक वर्षांपूर्वी बसवलेली. उन्हापाण्यात इतकी वर्षं टिकली, त्यामुळे कंपनीला नावं ठेवायला जागा नाही. पण आता त्यांचं वय झालंय.

सगळ्यात मोठी पंचाईत खोली दाखवणाऱ्या यंत्राची. त्याच्या आकड्यातली वरची उजवी दांडी उमटतच नाही. त्यामुळे ८ चा ६ दिसतो आणि ९ चा ५. चेसापीकची सरासरी खोलीच जेमतेम २१ फूट, आणि आमच्या बोटीला तरंगायला ५ फूट ३ इंच पाणी लागतं. म्हणजे ९ असेल तर मजेत, ५ असेल तर चिखलात. मागच्या रविवारी एका खाडीच्या तोंडाशी मी "पाच, पाच!" म्हणून ओरडत होते आणि नवरा सुकाणूवर बसून "नऊ आहे गं" म्हणत होता. नऊच होते. पण माझं रक्त आटलं ते आटलंच.

शिवाय मधूनच आकडा जाऊन नुसत्या रेघा येतात, मग एकदम ३ फूट, मग परत १४. वेग कायम शून्य. वाऱ्याचा काटा झोपेत असल्यासारखा डुलतो. नकाशाचं यंत्र जागा बरोबर दाखवतं, पण तारीख फेब्रुवारी २००६ ची. स्वयंचलित सुकाणू तेवढं ठणठणीत आहे. सगळी यंत्रं लाल, पिवळ्या आणि काळ्या अशा तीन तारांनी एकमेकांना जोडलेली आहेत.

यार्डातल्या माणसाने सगळं नवीन करायचे साडेपाच हजार डॉलर सांगितलेत. तेवढ्यात भारताच्या दोन फेऱ्या होतात. काय करावं?

तिरकस

यंत्र बदला. नवरा वॉरंटीत नसतो.

साखरांबा

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. बोटीतलं ओ की ठो कळत नाही, पण ९ आणि ५ वाचून घशाला कोरड पडली.

दर्यागंध

ताई, घाई करू नका. मी ३१ वर्षं व्यापारी जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, आता अलिबागेत नारळ मोजतो. तुमचे दोन वेगळे आजार एकाच पोत्यात भरलेत.

दांडी न उमटणं हा डोळ्याचा आजार. काचेखालच्या पट्टीचा आणि सर्किटचा संपर्क सुटतो, किंवा उन्हाने वरचा पापुद्रा जळतो. त्यावर इलाज म्हणजे नवीन डिस्प्ले. रेघा येणं, १४ वरून ३ वर उडी मारणं हा मात्र नसांचा आजार असू शकतो. नवीन डिस्प्ले त्याच नसांना जोडलात तर तो तेच चुकीचं वाचन सुंदर रंगांत दाखवेल.

म्हणून आधी मल्टिमीटर घ्या. सगळे दिवे, फ्रीज, यंत्रं चालू करा आणि यंत्राच्या पाठीमागे व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२.६ आणि यंत्रापाशी ११ च्या खाली असेल तर मधे कुठेतरी सांधा कुजलाय. मग तारेवरून हाताचं बोट फिरवत जा. जिथे इन्सुलेशन टेप दिसेल तिथे थांबा. आतमध्ये हिरवी पावडर निघेल, ही माझी पैज.

तारीख २००६ ची, त्याची भानगड वेगळी. जुन्या जीपीएसमध्ये आठवड्यांचा मोजणी-आकडा १० बिटांचा. १०२४ आठवडे झाले की तो परत शून्यावर येतो. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, मग एप्रिल २०१९ मध्ये. ज्या यंत्रांना ते पचलं नाही ती १९ वर्षं ७ महिने मागे राहतात. जागा बरोबर दाखवतात, तारीख चुकवतात. भरती-ओहोटीचं कोष्टक त्या यंत्रावर बघत असाल तर आजपासून बंद करा. २००६ ची भरती तुमच्या काय कामाची?

शिडाची_दोरी

@दर्यागंध काका, भरतीचं कोष्टक तिथेच बघत होते! आमच्याकडे भरती-ओहोटीत फरक फूटभराचाच, म्हणून कधी लक्षात आलं नाही. शनिवारी मल्टिमीटर घेऊन उतरते.

मुंबई_बंदर

फूटभर? आमच्या अपोलो बंदरावर उधाणाला चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. तिथे २००६ चं कोष्टक घेऊन निघालात तर बोट परत आणायला क्रेन लागेल.

शिडाची_दोरी

फूटभरच, पण थंडीत वायव्येचा वारा दोन दिवस टिकला की तो उपसागरातलं पाणी बाहेर ढकलतो. मग कोष्टकात काहीही असो, धक्क्याजवळ चिखल दिसतो. म्हणून तर खोलीच्या आकड्यावर एवढा जीव.

ऑकलंडकर

दर्यागंध काकांशी अर्धी सहमत, अर्धी नाही. 'आधी तारा बघा' हे सोळा आणे. पण जुन्यात नवीन मिसळायचा मोह टाळा. आम्ही इथे ३४ फुटीवर तेच केलं. आधी एक नवीन डिस्प्ले, त्यासाठी एक कन्व्हर्टर (जुन्या-नव्या यंत्रांमधला दुभाषा), मग वाऱ्याच्या जुन्या पंख्यासाठी दुसरा कन्व्हर्टर, मग त्या दोघांचं पटेना म्हणून तिसरा. तीन वर्षांत खर्च तेवढाच झाला आणि पॅनलमागे कावळ्याचं घरटं. त्यात दुकानदाराने (नाव घेत नाही) 'चालेल, चालेल' म्हणून दिलेला सेन्सर दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीचा निघाला.

माझं म्हणणं, डोलकाठी दोऱ्या बदलायला कधीतरी खाली येणारच. तेव्हा आतली तार, वरचा पंखा, सगळं एकदाच करा. डोलकाठी उभी असताना टोकावर चढून काम करायचे पैसे वेगळे आणि पोटात गोळा येतो तो वेगळा.

पानशेतचा_खलाशी

मी पुण्याचा, मोठं पाणी पानशेतचंच पाहिलंय, आधीच सांगतो. पण हा तर माझ्या आवडीचा विषय निघाला.

त्या लाल-पिवळ्या-काळ्या तारा म्हणजे एका कंपनीची स्वतःची बोली. सगळ्या कंपन्यांची जुनी सामायिक भाषा एनएमईए ०१८३. त्यात एक बोलतो, बाकीचे ऐकतात, तेही सेकंदाला ४८०० बिटांच्या बैलगाडीच्या वेगाने. आणि आताची एनएमईए २०००. ती मोटारींमधल्या कॅन बसवर आधारलेली, वेग अडीच लाख बिट, एकाच कण्याला सगळे लटकतात आणि सगळे बोलू शकतात.

तुम्ही एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) घ्या, त्यावर यंत्रांचे आकडे गोळा करणारं सिग्नल के टाका, सोबत नकाशांसाठी ओपनसीपीएन. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. अमेरिकेचे इलेक्ट्रॉनिक नकाशे सरकार फुकट देतं, हे भाग्य आम्हा भारतीयांच्या नशिबी नाही. मग कुठल्याही जुन्या मोबाइलवर खोली, वारा, वेग, सगळं मोठ्या अक्षरांत. खर्च दीडशे डॉलरच्या आत. जुनी यंत्रं तशीच राहू द्या, आकडे फक्त उचलायचे.

दर्यागंध

@पानशेतचा_खलाशी, छान लिहिलंत. एकच शंका. रात्री अडीच वाजता, पाऊस, इंजिन बंद पडलंय, नांगर घसरतोय. तेव्हा तुमच्या पायने 'अपडेट करू का' विचारलं तर?

पानशेतचा_खलाशी

काका, अपडेट बंद करता येतं. :)

दर्यागंध

नांगराचं घसरणं बंद करता येत नाही. (हलकेच घ्या. मुख्य यंत्राला जोड म्हणून तुमची कल्पना मला पटते. एकमेव यंत्र म्हणून नाही.)

दुबईत_होडी

टॅब्लेटबद्दल अनुभव लिहितो, कारण मीही त्याच वाटेने गेलो. खिशाला परवडतो, नकाशे सुरेख. पण आयपॅडसाठी कंपनीच बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंत सांगते. आमच्याकडे मे महिन्यात सकाळी नऊलाच ते ओलांडतं. बंदराच्या तोंडाशी, डावीकडे गाळ काढणारा ड्रेजर, उजवीकडे अबरा (प्रवासी होडी), आणि पडद्यावर थर्मामीटरचं चित्र. गरम झालो, थोडं थांबा म्हणे! मी टॅब्लेट बर्फाच्या पेटीवर ठेवला, तर त्यावर दव साचलं आणि ओल्या काचेने बोटाचा स्पर्श ओळखणंच सोडलं.

अजून एक. घेणार असाल तर सिमचं मॉडेल घ्या. नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते. हे मला दुकानातून घरी आल्यावर कळलं.

तिरकस

बर्फाच्या पेटीवर टॅब्लेट ठेवला तर बिअर कुठे ठेवली?

जुनं_ते_सोनं

सगळे विसरताय. लोकांनी होकायंत्र आणि सेक्स्टंटवर (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून जागा काढायचं साधन) जग पालथं घातलं. अभिलाष टॉमी यांनी एकट्याने जगप्रदक्षिणेच्या २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत १९६८ च्या काळातल्या साधनांवर हिंदी महासागर गाठला. ना प्लॉटर (नकाशाचं यंत्र), ना डिजिटल वारा. हे डिस्प्ले नव्हतेच तेव्हा कुणाचं काय अडलं? आपण पडद्याचे गुलाम झालोय.

मुंबई_बंदर

त्यांच्याबद्दल आदर पूर्ण. २०१२-१३ ला ते नौदलाच्या म्हादेई या शिडाच्या बोटीवरून एकट्याने, कुठेही न थांबता प्रदक्षिणा करून आले तेव्हा आम्ही गेटवेला उभे होतो. पण त्या २०१८ च्या शर्यतीतच २१ सप्टेंबरला वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली, हलताही येईना. तेव्हा त्यांचा ठावठिकाणा उपग्रहामार्फतच कळला, आपल्या नौदलाचं विमान वर जाऊन बोट बघून आलं, आणि मग फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. शर्यतीच्या नियमात सेक्स्टंट होता, पण संकटासाठीची उपकरणं त्याच नियमाने सक्तीची होती. २०२२ च्या शर्यतीत परत उतरून दुसरे आले, ते वेगळंच रसायन आहे. आपण रविवारी दुपारी सँडविच खायला निघणारी माणसं.

जुनं_ते_सोनं

मुद्दा मान्य. तरीही होकायंत्र ठेवा.

दर्यागंध

होकायंत्रावर याद आली. नवीन डिस्प्ले कुठे बसवणार ते आधी ठरवा. स्पीकर, मोबाइलचा चुंबकी स्टँड, काही डिस्प्ले, होकायंत्राच्या वीतभर अंतरावर आले की सुई वाकडी. एका ओळखीच्या माणसाने गॉगल ठेवायचा चुंबकी हुक होकायंत्राला खेटून लावला आणि मांडव्याला निघालेला रेवसकडे बघत बसला.

मिरकरवाड्याचा

रत्नागिरीहून. आमच्याकडे घरच्या दोन लाँचा आहेत, काका तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. वरचं सगळं वाचून दाखवलं त्यांना. बराच वेळ हसले.

त्यांचं म्हणणं असं. फिशफाइंडर आला तेव्हा काकांनी तो घेतला, जीपीएसही घेतलं, त्यात त्यांच्या जागा नावांनी साठवलेल्या आहेत. 'खडपाची', 'जाळं फाटलं ती', 'सुऱ्याची', अशी. ते यंत्र बंद पडायला आलं तर काका लगेच कुठल्याच कंपनीचं नवीन घेणार नाहीत, आधी जागा वहीत उतरवून घेणार. तेव्हा ताई, प्लॉटर बदलण्याआधी आधीच्या मालकाने साठवलेल्या जागा लिहून घ्या. पंचवीस वर्षांत त्याला कुठे खडक लागला ते त्यात असेल.

दुसरं, खोली. आजोबांकडे दोरीला शिशाचा गोळा असायचा. बुडाला खळगी, खळगीत चरबी. खाली सोडायचा, वावांत मोजायचं, वर काढून चरबीला काय चिकटलं ते बघायचं. वाळू, चिखल की शिंपले. तुमचं यंत्र चिखल की वाळू सांगतं का? आणि गोळ्याला नवीन सेल लागत नाहीत.

साखरांबा

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं ते अंतर ना? आजी विहिरीची खोली वावांत सांगायची.

मिरकरवाड्याचा

तेच. जहाजवाल्यांचा सहा फुटांचा हिशेब. पण काकांचा वाव माझ्यापेक्षा मोठा, त्यामुळे आमच्या घरात एकाच समुद्राची खोली दोन.

अवांतर: बोटीच्या तळाचा मधला कणा, ज्याला इंग्रजीत कील म्हणतात, त्याला आमच्याकडे पठाण म्हणतात. पुढच्या टोकाला नाळ.

पानशेतचा_खलाशी

पठाण! हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

तिरकस

म्हणजे 'पठाण चिखलात रुतला' हे बातमीपत्रात टाकायचं नाही, दंगल होईल.

शिडाची_दोरी

शनिवारचा अहवाल. बसा.

बॅटरीवर १२.५. यंत्रापाशी १०.८. काका, पैज जिंकलात. नाळेकडच्या बिछान्याखालची फळी उचलली, तिथे तीन तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळलेली. टेप हातात घेतली तर आतून हिरवं पीठ सांडलं, मोरचुदासारखं. तार कापत गेले. एक इंच काळी, दोन इंच काळी, चार इंचांवर तांबं दिसलं. कथिल चढवलेली सागरी तार आणली, क्रिम्प केलं (धातूची नळी दाबून सांधा पक्का), वर गोंदवाली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. आता १२.३. रेघा गेल्या, उड्या गेल्या.

डोलकाठीच्या पायथ्याशी वाऱ्याच्या तारेचा प्लग उघडला तर त्यातून पाणी गळलं. चमचाभर. पुसून, स्प्रे मारून, वाळवून परत लावला. काटा जागा झाला!

मग वेग. काकांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगितलं की वेग मोजणाऱ्या तळातल्या चक्रीवर काहीतरी वाढलं असणार. ती चक्री काढायची म्हणजे बोटीच्या तळाला दोन इंचांचं भोक उघडायचं, बोट पाण्यात असताना. चक्रीऐवजी भोकात घालायची खोटी बूच हातात धरून नवरा तयार. मी नळी फिरवून ओढली. मला वाटलं पाणी झिरपेल. मंडळी, गुडघाभर उंचीचं कारंजं उडालं. नवऱ्याने बूच उलटी धरली होती. सात-आठ सेकंदच गेले असतील, पण तेवढ्यात बादलीभर पाणी आणि माझ्या सासरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. चक्रीवर शिंपल्यांची वसाहत. खरवडली, परत बसवली, वेग आला.

म्हणजे साडेपाच हजारांचं दुखणं चाळीस डॉलरच्या तारेत आणि एका टॉवेलमध्ये निम्मं बरं झालं. राहिली ती दांडी, आणि २००६.

तिरकस

बूच उलटी धरणारा माणूस '९ आहे गं' म्हणतो तेव्हा '५' समजावं.

दर्यागंध

शाब्बास. क्रिम्प केलंत ते उत्तम. लोक नुसता कथलाचा डाग मारतात आणि हलून हलून तार डागाच्या कडेलाच तुटते.

ऑकलंडकर

अभिनंदन! पण माझा हट्ट कायम. आता डिस्प्ले घ्याल तेव्हा वीज मोजा. जुन्या करड्या पडद्याला लागते ती नगण्य. नऊ इंची रंगीत प्लॉटर एक-दीड अँपिअर ओढतो. चोवीस तासांचे २४ ते ३६ अँपिअर-तास झाले. नांगरावर रात्र काढणार असाल तर सकाळी इंजिन सुरू करायला बॅटरीत काही उरायला हवं.

दुबईत_होडी

+१. आणि जुना सेन्सर ठेवणार असाल तर नीट विचारून घ्या. जुन्या खोलीच्या सेन्सरमधून आकडा येत नाही, कच्चा प्रतिध्वनी येतो. त्याचा आकडा करणारा मेंदू जुन्या डिस्प्लेत होता. डिस्प्ले काढलात तर मधे मेंदूची पेटी लागणार.

शिडाची_दोरी

ठरलं. नोव्हेंबरात बोट तशीही पाण्याबाहेर जाते, इथे खाडी गोठते. तेव्हाच तळातला सेन्सर बदलू. खोली, वेग, तापमान एकत्र देणारा. वारा तोच. स्वयंचलित सुकाणूला हात लावायचा नाही. वसंतात कळवते.

साखरांबा

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि 'वसंतात कळवते' म्हणणारे इथे परत येत नाहीत, हे नोंदवून ठेवते.

शिडाची_दोरी

धागा वर काढतेय. साखरांबा, एप्रिल आहे, आणि मी आलेय!

शेवटी काय केलं ते सांगते. एक सात इंची प्लॉटर, एक छोटा रंगीत डिस्प्ले, तळात नवीन सेन्सर. वाऱ्याच्या जुन्या पंख्याला एक कन्व्हर्टर, आणि जुन्या तीन तारांच्या जाळ्याला एक, म्हणजे सुकाणूला नवीन काही कळायलाच नको. दोनच कन्व्हर्टर, ऑकलंडकर, घरटं नाही, शपथ. बसवलं आम्ही दोघांनीच. खर्च दोन हजारांच्या आत. मिरकरवाड्याच्या काकांना सांगा, जुन्या प्लॉटरमधल्या ४१ जागा आधी वहीत उतरवल्या. त्यातल्या एकीचं नाव आधीच्या मालकाने नुसतं 'नको' अशा अर्थाचं ठेवलंय. आम्ही तिकडे जाणार नाही.

पण पहिल्या दिवशी काहीच नीट चालेना. डिस्प्ले दिसे, मधेच सेन्सर गायब, परत हजर. दोन दिवस केस उपटले. मग पानशेतच्या खलाशांना व्यनि केला.

पानशेतचा_खलाशी

हे मी सांगतो, माझ्या आयुष्यातलं एकमेव सागरी शौर्य आहे. एनएमईए २००० च्या कण्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर लागतात. नाहीतर संदेश टोकावर आपटून परत येतो आणि स्वतःच्याच शेपटीवर पाय देतो. वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या तारेत रोध मोजायचा. दोन्ही जागेवर असतील तर ६० यायला हवेत. ताईंना १२० आले. म्हणजे एकच लागलेला.

शिडाची_दोरी

दुसरा माझ्या जॅकेटच्या खिशात होता. नोव्हेंबरपासून.

तिरकस

बूच उलटी धरणाऱ्याचा सूड पूर्ण.

मिरकरवाड्याचा

काकांना वाचून दाखवलं. '४१ जागा वहीत' ऐकून मान डोलावली. म्हणाले, पोरगी तांडेल होईल.

शिडाची_दोरी

काकांना नमस्कार सांगा! आणि शिशाचा गोळा पण केलाय. मासेमारीच्या दुकानातलं वजन, पातळ दोरी, दर फुटाला नेलपॉलिशची खूण. दर सहा फुटांना दोन खुणा, म्हणजे वाव. चरबी नव्हती, तर वजनाच्या बुडाला पेट्रोलियम जेली फासली. धक्क्यावर सोडून बघितलं, काळा चिखल चिकटून आला. नवीन डिस्प्ले ९.४ दाखवतो. ९ चा ९ दिसतो, मंडळी, वरच्या उजव्या दांडीसकट. मी फोटो काढून आईला पाठवला, तिने विचारलं हे कसले गुण.

दर्यागंध

अभिनंदन ताई. एक विचारायचं राहिलं. ते ९.४ कुठपासून मोजलेले? पाण्याच्या पृष्ठभागापासून, सेन्सरपासून, की पठाणाच्या बुडापासून? नवीन यंत्र पेटीतून काढल्यावर बहुतेक वेळा सेन्सरपासूनच मोजतं. जुन्यात आधीच्या मालकाने ऑफसेट (सेन्सरऐवजी दुसरीकडून मोजायची दुरुस्ती) टाकलेला असणार, तो त्याच्याबरोबर गेला. तुमच्या दोरीने किती सांगितलं?

शिडाची_दोरी

दोरीने साडेअकरा सांगितले होते. मला वाटलं माझी नेलपॉलिश चुकली.

दर्यागंध

नेलपॉलिश बरोबर आहे. सेन्सर पाण्याखाली दोन फुटांवर आहे. आणि सेन्सरपासून पठाणाचं बूड अजून सव्वातीन फूट खाली. यंत्र ९.४ म्हणतं तेव्हा पठाणाखाली सहा फूटच उरलेत. यंत्र चार म्हणेल तेव्हा किती उरतील ते तुम्हीच मोजा.

तिरकस

नवरेबुवा कुठे आहेत सध्या?

शिडाची_दोरी

पाहुण्यांना घेऊन खाडीच्या तोंडाशी गेलाय. फोन लावते.